घराच्या कागदांत सापडलेलं एक कलम, आणि 'व्हाइट प्रिव्हिलेज' खरंच असतं का?

मेपलपान
नमस्कार मंडळी,

मागच्या महिन्यात मिनियापोलिसच्या दक्षिण भागात घर घेतलं. १९३८ सालचं, लाकडी, दोन मजली, तळघरात ओल. इथे जुन्या घरासोबत 'अ‍ॅब्स्ट्रॅक्ट' नावाचा जाडजूड गठ्ठा मिळतो. आपल्या सातबारा-फेरफाराचा अमेरिकन चुलतभाऊच म्हणा ना. जमीन कोणी कोणाला विकली, कुठलं कर्ज कधी फिटलं, सगळं ओळीने टाइप केलेलं. घर घेताना हे कोणी वाचत नाही. माझे वडील तलाठी होते, त्यामुळे मला असले कागद दिसले की राहवत नाही.

चौतिसाव्या पानावर एक कलम आहे. ही जागा कॉकेशियन (त्यांच्या लेखी गोऱ्या) वंशाखेरीज कोणालाही विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, वापरू द्यायची नाही. अपवाद फक्त मालकाच्या घरी कामाला असलेल्या नोकरांचा. शाई फिकट झालीय, टाइपरायटरचं एक अक्षर सगळीकडे ओळीखाली घसरलंय, पण मजकूर स्वच्छ वाचता येतो. म्हणजे काल ज्या ओट्यावर मी कुकर लावला, त्या ओट्याशी १९३८ साली मला फक्त भांडी घासायला उभं राहता आलं असतं.

कलम आता मेलेलं आहे. १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की न्यायालयांनी असली कलमं राबवू नयेत, १९५३ मध्ये मिनेसोटाने नवी कलमं घालायला बंदी केली आणि १९६८ च्या कायद्याने उरलंसुरलं संपवलं.

शेजारी नॉर्वेजियन वंशाचे एक आजोबा राहतात, वय ऐंशीच्या पुढे. त्यांना पान दाखवलं. म्हणाले, "माझे वडील ट्रामवर कंडक्टर होते. आम्हाला कोणी काही फुकट दिलं नाही." माणूस खोटं बोलणारा नाही. पण गप्पांच्या ओघात हेही सांगून गेले की वडिलांनी घरावर कर्ज काढलं आणि त्यातून ह्यांचं कॉलेज झालं.

मंडळाच्या जेवणात हा किस्सा सांगितला तर श्रीखंड राहिलं बाजूला आणि दोन तट पडले. म्हणून इथे विचारते: 'व्हाइट प्रिव्हिलेज', म्हणजे गोरं असल्यामुळे न मागता मिळणारा फायदा, खरंच असतं का? पक्षांच्या घोषणा नकोत, प्लीज.

---

टवाळखोर
पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.
पण ताई, कॉकेशियन म्हणजे आपणही की! आर्य वगैरे शाळेत पाठ केलं होतं ना? खुशाल राहा, कलमात बसता तुम्ही. (हलके घ्या.)

---

निळीशाई
टवाळराव, तुमचा विनोद सुप्रीम कोर्टात करून झालाय. १९२३ साली.

भगतसिंग थिंद हे अमेरिकेच्या सैन्यात राहिलेले शीख गृहस्थ. १७९० च्या कायद्याने नागरिकत्व फक्त 'मुक्त गोऱ्या' माणसाला मिळे, १८७० नंतर आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही मिळू लागलं. मधल्यांचं काय, हा प्रश्न. १९२२ च्या नोव्हेंबरात ताकाओ ओझावा ह्या जपानी माणसाला कोर्टाने सांगितलं, गोरा म्हणजे कॉकेशियन, तू नाहीस. तीन महिन्यांनी थिंद उभे राहिले: मी तर शास्त्राप्रमाणे कॉकेशियन! त्याच न्यायमूर्ती सदरलँडनी निकाल दिला की शास्त्र राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो गोरा. झाला खेळ.

आता लोक गाळतात तो भाग. थिंद यांच्या बाजूने युक्तिवाद काय होता? वंशभेद वाईट आहे, असा नव्हता. हा उच्च जातीचा शुद्ध रक्ताचा हिंदू आहे (शीख असूनही तिथे सगळ्यांना हिंदूच म्हणत), खालच्या वंशांशी लग्नसंबंध ठेवत नाही, म्हणून याला गोऱ्यांत बसवा, असा होता. दार तोडायचं नव्हतं, आत जागा हवी होती.

निकालानंतर आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घेतली. सॅन फ्रान्सिस्कोचे वैष्णोदास बगई दुकानदार होते. नागरिकत्व गेलं, त्यामागे कॅलिफोर्नियाच्या जमीन कायद्याने मालमत्ता गेली, भारतात जायला पासपोर्ट मिळेना. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. आपल्याला नागरिकत्वाची मुभा १९४६ मध्ये मिळाली.

---

खानदेशी_मिरची
इतिहास कोणी नाकारत नाहीये हो. प्रश्न 'होतं का' असा नाही, 'आहे का' असा आहे.

माझं सांगतो. वडील एसटीत कंडक्टर, धुळे डेपो. म्हणजे धागाकर्तीच्या शेजारच्या आजोबांचे वडील आणि माझे वडील एकाच जातकुळीचे. २००९ ला कर्ज काढून टेक्सासला आलो. आज घर आहे, दोन गाड्या आहेत, मुलगी पोहायला जाते. रंगाने अडवलं असतं तर हे झालं असतं? फेडरल रिझर्व्हची २०२२ ची पाहणी बघा. गोऱ्या कुटुंबाची मध्यक (बरोबर मधल्या कुटुंबाची) संपत्ती २,८५,००० डॉलर, आशियाईंची ५,३६,०००. मग प्रिव्हिलेज कोणाचं?

आमच्या कंपनीत (नाव नको) दोन वर्षांपूर्वी ट्रेनिंग झालं. बावीस जण एका हॉलमध्ये, सगळे एका रेषेत. बाई प्रश्न वाचणार आणि आपण पाऊल टाकायचं. घरात पन्नासहून जास्त पुस्तकं होती? एक पाऊल पुढे. आईवडिलांपैकी कोणी कॉलेजला गेलं होतं? पुढे. वीज बिल न भरल्याने तोडली गेली होती? मागे. शेवटी सगळ्यात पुढे कोण? आमचा आयआयटीवाला, आई-वडील दोघे डॉक्टर, बालपण कोथरूडच्या बंगल्यात. आणि सगळ्यात मागे भिंतीला टेकून कोण? वेस्ट व्हर्जिनियाचा एक गोरा, बाप खाणीत होता, भाऊ नशेच्या गोळ्यांच्या नादात गेला. मी त्याच्यापुढे दोन पावलं.

त्यानंतर बाईंनी स्लाइड लावली: गोऱ्या सहकाऱ्यांनी आपल्या प्रिव्हिलेजवर चिंतन करावं. तो भिंतीपासून हललाच नाही. नंतर पार्किंगमध्ये मला म्हणाला, "मी कशावर चिंतन करू, सांग." मला उत्तर आलं नाही. ज्यांना येतं त्यांनी द्यावं.

---

टवाळखोर
कोथरूडच्या बंगल्याला +१

---

रात्रपाळी
मी आयसीयूत काम करते, म्हणून मला रोज दिसणारी एकच गोष्ट सांगते. बोटाला लावायची ती ऑक्सिजनची क्लिप. कोविडमध्ये तुम्ही सगळ्यांनी घेतली असेल, घरी कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये पडली असेल. ती लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश बोटातून सोडते आणि किती शोषले गेले त्यावरून आकडा दाखवते. त्वचेतलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं. ही यंत्रं बेतताना गोरी बोटं जास्त वापरली गेली.

डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी हजारो नोंदी तपासल्या. यंत्र ऑक्सिजन ९२ ते ९६ टक्के दाखवतंय, पण धमनीतलं रक्त काढून बघितलं तर ८८ च्या खाली, असे किती? गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, काळ्या रुग्णांत ११.७. तिपटीहून जास्त.

त्या यंत्राच्या कारखान्यात कोणी दुष्ट माणूस बसलेला नव्हता. गोऱ्या पेशंटलाही काही मिळालं नाही, त्याचं फक्त माप बरोबर आलं. मी ह्यालाच प्रिव्हिलेज म्हणते. आता सावळ्या पेशंटच्या बोटावर ९३ दिसलं तर मी रक्त काढून बघते. आपल्या माणसांची बोटंही त्यात आली, बरं का.

---

खानदेशी_मिरची
डॉक्टर, माहिती नवी आहे, धन्यवाद. पण तुम्ही माझीच बाजू मांडलीत. माप बरोबर येणं हा पेशंटचा हक्क आहे. गोऱ्याला त्याचा हक्क मिळाला, काळ्याला नाही मिळाला. मग काळ्यावर अन्याय झाला म्हणा ना, शंभर वेळा म्हणा, मी सही करतो. 'गोऱ्याचं प्रिव्हिलेज' म्हटलं की असं वाटतं त्याच्याकडून काही तरी काढून घ्यायचंय. काय काढून घेणार? त्याचंही माप चुकवणार?

---

साधीसुधी
मला वाटतं निम्मं भांडण शब्दाचं आहे. मराठीत काय म्हणाल? 'विशेषाधिकार' म्हटलं की आमदार आठवतात आणि हक्कभंगाचा ठराव. 'सवलत' म्हटलं की एसटीचं अर्धं तिकीट. 'वरचष्मा' थोडा जवळचा, पण त्यात दादागिरी आहे, आणि आजोबांनी तर दादागिरी केलेली दिसत नाही.

मला सुचतो तो शब्द 'निर्धास्तपणा'. आम्ही अटलांटाजवळ राहतो. मुलाला सोळावं लागलं, लायसन्स मिळालं. आमच्या गल्लीत त्याचे दोन मित्र, एक गोरा, एक काळा. गोऱ्याच्या आईने पहिल्या दिवशी सांगितलं, सीटबेल्ट लाव आणि पेट्रोल भरून आण. काळ्याच्या आईने त्याला गाडीत बसवून तासभर तालीम दिली: पोलिसाने थांबवलं तर हात स्टिअरिंगवर, खिशाकडे जायचं नाही, कागद काढायच्या आधी सांगायचं. मी खिडकीतून बघत होते. मग मीही माझ्या मुलाला बसवलं, जरा कमी वेळ. पहिल्या बाईला ही तालीम असते हेच ठाऊक नव्हतं. वाईट बाई नाही हो ती, दर दिवाळीला फराळाचा डबा परत करताना त्यात केक भरून देते.

---

मेपलपान
साधीसुधी, 'निर्धास्तपणा' आवडला. पेगी मॅकिंटॉश ह्या प्राध्यापक बाईंनी १९८८ मध्ये हा विषय चर्चेत आणला तेव्हा त्यांची यादी बरीचशी अशीच होती. दुकानात गेले तर मागे कोणी फिरत नाही, 'त्वचेच्या रंगाची' पट्टी घेतली तर माझ्याच रंगाची निघते. किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी, एकावर एक रचलेल्या. शब्द त्यांच्या आधीही वापरात होता, पण लोकांच्या तोंडी बसला तो त्या निबंधाने.

पण माझ्या कागदातलं कलम किरकोळ नाही ना! तो निर्धास्तपणा नाही, तो रोख पैसा आहे. १९३४ नंतर सरकार घरकर्जाला हमी देऊ लागलं, आणि सरकारी नियमपुस्तिकाच सांगायची की वस्ती 'एकजिनसी' ठेवणारी असली कलमं चांगली. काळ्या वस्त्या नकाशावर लाल रंगवलेल्या, तिथे कर्ज दुरापास्त. युद्धानंतर सैनिकांना सवलतीची कर्जं आली. मिसिसिपीतल्या शहरांची १९४७ ची एक पाहणी आहे: हमी मिळालेली ३,२२९ कर्जं, त्यांतली काळ्या सैनिकांना किती? दोन. टक्के नव्हेत, दोन कर्जं.

---

लेस्टरकर
इंग्लंडातून थोडं वेगळं. अमेरिकेतला शब्द जसाच्या तसा उचलून इकडे लावला की गडबड होते. २०२१ मध्ये इथल्या संसदेच्या शिक्षण समितीने अहवाल दिला. शाळेत फुकट जेवण घेणाऱ्या, म्हणजे गरीब घरच्या, गोऱ्या ब्रिटिश मुलांपैकी एकोणिसाव्या वर्षापर्यंत विद्यापीठात किती पोचतात? १६ टक्के. भटक्या आयरिश आणि रोमा मुलांचा अपवाद सोडला तर सगळ्यांत कमी. समितीने असंही म्हटलं की 'व्हाइट प्रिव्हिलेज' सारख्या शब्दांनी फूट पडते. समितीतल्याच विरोधी सदस्यांना ते पटलं नाही, तो भाग वेगळा.

मी शाळेत शिकवतो. अशा मुलाला प्रिव्हिलेज समजावून सांगायचं म्हणजे उपाशी माणसाला उपासाचं महत्त्व सांगण्यासारखं आहे. तो हसत नाही, फक्त आणखी एका तासाला गैरहजर राहतो.

---

अर्धविराम
//तो भिंतीपासून हललाच नाही//

मिरची, ह्या वाक्यावर मी अडकलो. तुमच्या मित्राला उत्तर द्यायचा प्रयत्न करतो, पटेल असं नाही.

डेव्हा पेजर नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी मिलवॉकीत चाचणी केली, २००३ मध्ये छापून आली. सारखे दिसणारे-बोलणारे तरुण खऱ्या नोकऱ्यांना अर्ज करायला पाठवले, कागदोपत्री सगळं सारखं. निम्म्यांनी अर्जावर लिहायचं की तुरुंगात जाऊन आलोय. स्वच्छ गोऱ्याला ३४ टक्के ठिकाणांहून पुन्हा बोलावलं, तुरुंगवाल्या गोऱ्याला १७. स्वच्छ काळ्याला १४. तुरुंगवाल्या काळ्याला ५.

म्हणजे खाणकामगाराच्या मुलाच्या अडचणी खऱ्या आहेत, शंभर टक्के. पण समजा त्याचा भाऊ वाचला असता, शिक्षा भोगून बाहेर आला असता, तर नोकरीच्या दारात तो निष्कलंक काळ्या मुलाच्या किंचित पुढे असता. ह्यावर चिंतन वगैरे करायची गरज नाही. ट्रेनिंगवाल्या बाईंनी मात्र घोळ घातला ह्याबद्दल सहमत. त्यांच्या एकाही प्रश्नात पोलीस नव्हता, घरमालक नव्हता. होती फक्त पुस्तकं आणि वीज. गरिबी मोजली आणि स्लाइड वंशाची लावली.

आणि तुमच्या बाजूनेही एक पुरावा देतो, लपवण्यात अर्थ नाही. २०१९ मध्ये कोलगेट विद्यापीठाच्या एरिन कूली आणि सहकाऱ्यांनी लोकांना व्हाइट प्रिव्हिलेजवर मजकूर वाचायला दिला आणि मग गरीब माणसाची गोष्ट सांगितली. उदारमतवादी वाचकांची गरीब काळ्याबद्दलची कणव वाढली नाही. गरीब गोऱ्याबद्दलची मात्र घटली. शिकवलं काय आणि लोक शिकले काय!

---

खानदेशी_मिरची
अर्धविराम, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. १७ आणि १४ ला माझ्याकडे उत्तर नाही. शेवटचा परिच्छेद मित्राला पाठवतो. पहिला पाठवायचा की नाही, बघतो.

आशियाईंच्या ५,३६,००० चं मात्र कोणीच काही बोललं नाही.

---

जुनाजाणता
मी बोलतो. वय ७८, न्यू जर्सी, हात थरथरतो म्हणून टंकलेखनाच्या चुका माफ करा.

मिरचीसाहेब, तुमचे कष्ट खरे, माझेही खरे. १९७१ ला आलो तेव्हा भारत सरकारने आठ डॉलर नेऊ दिले होते, हे आमच्या पिढीतला प्रत्येक जण सांगतो. पुढचं सांगत नाही. आठ डॉलरसोबत आम्ही सरकारी कॉलेजातली इंजिनीअरिंगची पदवी आणली होती आणि तिचं बिल भारतातल्या करदात्याने भरलं होतं. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेने दार उघडलं, पण चाळणी लावून. डॉक्टर या, इंजिनीअर या. चाळून घेतलेले गहू आणि शेतातलं अख्खं पीक यांची तुलना करून कसं चालेल?

आणि तो कायदा ज्या वाऱ्यावर आला तो वारा कोणाचा? मार्च १९६५ मध्ये अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मताधिकार मागणाऱ्या काळ्या मोर्चेकऱ्यांची डोकी फुटली, ऑक्टोबरात कायद्यावर सही झाली. सेल्माच्या पुलावर आपल्यापैकी किती होते, मोजा.

१९७२ ची गोष्ट. माझ्या हाताखाली नव्हे, बरोबरीने काम करणारा एक काळा इंजिनीअर होता. दोघंही घर शोधत होतो. एका इमारतीत तो सकाळी गेला, जागा संपली म्हणाले. मी संध्याकाळी गेलो, मलाही घरमालकीण दारातूनच नाही म्हणणार होती. मी तोंड उघडलं, उच्चार ऐकून तिने विचारलं, "तू इंडियाचा का?" हो म्हटलं. म्हणाली, मग ठीक आहे, मला वाटलं तू त्यांच्यातला. दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, खिडकीतून रेल्वे दिसायची. मी ती घेतली. सोमवारी कामावर तो भेटला, "मिळाली का?" मी म्हटलं, मिळाली. कुठे, ते त्याने विचारलं. मी दुसऱ्याच रस्त्याचं नाव सांगितलं.

ह्याच न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत १९८७ मध्ये 'डॉटबस्टर्स' म्हणवणारी टोळकी आपल्या बायकांच्या कुंकवावरून आपल्याला मारत होती. तेव्हा मात्र आम्ही 'त्यांच्यातले'च होतो.

---

साधीसुधी
काका __/\__

---

निळीशाई
काकांना सलाम. त्यांनी रस्त्याचं खोटं नाव सांगितलं हे पन्नास वर्षांनी इथे लिहिलं, ह्याला हिंमत लागते.

आता मी ते बोलतो जे बोललं की धागा पेटतो. काळे अमेरिकन विचारवंत ड्यू बॉइस यांनी १९३५ मध्ये लिहिलं की गरीब गोऱ्या मजुराला पगार कमी मिळतो, पण त्यावर एक मानाचा 'पगार' मिळतो, सार्वजनिक जागी मिळणारा आदर. त्यामुळे तो काळ्या मजुराशी हात मिळवत नाही. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे समजायला ट्रेनिंग लागतं? गावात भूमिहीन असला तरी पाणवठ्यावर कोण पुढे उभा राहायचा?

ही तुलना मी ओढूनताणून करत नाहीये. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइसना पत्र लिहिलं, त्यांचं उत्तरही आलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली, नाव अमेरिकेतल्या 'ब्लॅक पँथर'वरून घेतलं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि तरी ज्या मंडळांत व्हाइट प्रिव्हिलेजवर तावातावाने बोलतात, तिथे नवा माणूस आला की दुसरा प्रश्न असतो, "आडनाव काय म्हणालात?" सिएटलने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला बंदी घातली, कॅलिफोर्नियातल्या विधेयकावर त्याच वर्षी ऑक्टोबरात गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरला. त्या विधेयकाविरुद्धचे मुद्दे आठवा. 'इथे असलं काही नाही.' 'आम्हाला कोणी काही फुकट दिलं नाही.' मेपलपानच्या शेजारच्या आजोबांचं वाक्य, शब्दाला शब्द.

---

टवाळखोर
आला. आला. जातीवर आला. घड्याळ लावून बसलो होतो.

---

प्रशासक
वरील प्रतिसादानंतरचे चौदा प्रतिसाद उडवले आहेत. आरक्षणावर तीन धागे आधीच आहेत, तिकडे जावे. एकमेकांच्या आडनावांवरून अंदाज बांधणाऱ्या दोन सदस्यांना आठवडाभर विश्रांती दिली आहे.

---

खानदेशी_मिरची
उडालेल्यांत माझा एकही नव्हता, नोंद असावी.

निळीशाई, एक मान्य करतो. आयआयटीवाला पुढे आणि मी मागे, हे मी टेक्सासमध्ये मोजलं. ते अंतर पडलं होतं महाराष्ट्रातच. पण त्यामुळेच माझा मुद्दा उरतो: तुम्ही 'गोरा' हा एकच शिक्का मारला की वेस्ट व्हर्जिनिया आणि हार्वर्ड एक होतात. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रवेशांवरच्या खटल्यात आकडे बाहेर आले. प्रवेश मिळालेल्या गोऱ्यांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त मुलं खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची, प्राध्यापकांची किंवा देणगीदारांच्या वर्तुळातली. ते खरं प्रिव्हिलेज. सुप्रीम कोर्टाच्या २०२३ च्या निकालाने प्रवेशात वंश बघणं बंद केलं, बापाचं नाव बघणं नाही. ह्यावर बोला, मी पहिल्या रांगेत.

---

अर्धविराम
ह्यावर दुमत कोणाचं आहे? फक्त एक आठवण: ज्यांच्या आजोबांना तिथे जाऊच दिलं नाही, त्यांना बापाचं नाव कुठून येणार.

---

मेपलपान
सगळ्यांचे आभार, उडालेले चौदा धरून. थोडी अद्ययावत माहिती.

मिनेसोटात २०१९ पासून मालकाला असं कलम रद्द झाल्याचा कागद काउंटीत नोंदवता येतो, काही शहरं त्यासाठी फुकट वकीलही देतात. मी काल नोंदवला. मूळ पान फाडत नाहीत, नुसता एक नवा कागद मागे जोडतात. पुढचा मालक (वाचणारा असलाच तर) दोन्ही वाचेल.

आजोबांनाही सांगितलं, तुमच्याही कागदांत असणार, एकाच बिल्डरची घरं आहेत. त्यांनी गठ्ठा काढला. होतंच, तेच अक्षर घसरलेलं. बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, नोंदवलं तर प्रॉपर्टी टॅक्स वाढतो का? नाही म्हटलं. बघू म्हणाले, आणि बागेतला रुबार्ब (आंबट देठांची भाजी) दिला पिशवीभर.

त्याचं काय करतात? लोणचं घातलं तर चालेल का? तळघरातल्या ओलीसाठी वेगळा धागा काढते.